एक तार, तीन तह

बाबुरावांचं पहिलंवहिलं भाषण संध्याकाळवर आलं, आणि चाळीच्या चौकात ना खुर्ची, ना टेबल, ना पेट्रोमॅक्स. विषय मात्र दांडगा होता: 'बदलत्या जगात महासत्ता अशा का वागतात?' ऐकायला दादरहून संयुक्त महाराष्ट्र समितीचे कुशाबा मास्तर येणार होते. भाषण जमलं तर रविवारी दादरच्या सभेत बोलायला मिळणार होतं. त्यापायी बाबुरावांनी सुएझच्या बातम्या इतक्या घोकल्या होत्या, की बायकोनं मीठ आणायला सांगितलं तरी ते आधी इंग्लंडला झोडपत.

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत बाबुरावांचीही एक सत्ता होती. गॅलरीतली दिवसभर ऊन खाणारी एकुलती एक वाळवणाची तार त्यांच्या दारासमोर होती.

खुर्ची शेजारच्या कालिंदीबाईंकडे. "न्या की भावजी," त्या म्हणाल्या, "पण माझ्या गोधड्यांना ऊन नाय. तार द्याल?"

"उद्यापासून तुमचीच. फक्त बोलू नका कुणाला."

टेबल कोंडीरामकडे. त्याची धोतरं सावलीत कुबट व्हायची, म्हणून त्यालाही तार मिळाली. पेट्रोमॅक्स मासे विकणाऱ्या रखमाकडे. तिला बोंबील सुकवायचे होते. तिलाही मिळाली.

"अहो, एक तार तिघांना?" बायकोनं, सुंदराबाईंनी विचारलं.

"तुला राजकारण नाय कळायचं. आधी आपली गरज, मग तत्त्व."

संध्याकाळी चौक भरला. बाबुराव रंगात आले. "मंडळी, महासत्तेचं धोरण कशावर ठरतं? तिला काय पायजे त्यावर. अडली की ती एकच जमीन तिघांना देते. वर प्रत्येकाला सांगते, बोलू नका कुणाला."

कालिंदीबाईंच्या कपाळाला आठी पडली. "अगं बाई, मला पण हेच म्हणाले. तारेचं."

"तार माझी हाय," कोंडीराम म्हणाला.

"मग माझे बोंबील काय डोक्यावर सुकवू?" रखमानं विचारलं.

तिघांची डोकी एकत्र आली. क्षणात खुर्ची गेली, टेबल गेलं, शेवटी पेट्रोमॅक्सही गेला. अंधारात बाबुराव उभेच राहिले. काय करणार, भाषण पाठ होतं. "आणि छोटी राष्ट्रं एक झाली की महासत्तेचं काय होतं," ते पडेल आवाजात म्हणाले, "ते आपण बघताच आहात."

चौक हसून हसून लोळला. बाबुरावांना मात्र रडू यायचं बाकी होतं. दादर हातचं गेलं होतं.

"या तिघांचं आधी जमायचं का हो?" मास्तरांनी विचारलं.

"छे," सुंदराबाई म्हणाल्या. "दिवाळीपासून एकमेकांचं तोंड बघत नव्हते."

"बाबुराव, आमच्या समितीत सतरा पक्ष. एका सतरंजीवर बसवताना घाम फुटतो. तुम्ही तर बोलता बोलता वैऱ्यांची एकी केलीत. रविवारी दादरला या."

रविवारी तारेवर गोधड्या, धोतरं आणि बोंबील गुण्यागोविंदानं नांदत होते. तिघांनी मोठ्या मनानं बाबुरावांच्या सदऱ्यालाही वीतभर जागा दिली होती, बोंबलांच्या बाजूला.

तोच सदरा घालून ते दादरच्या व्यासपीठावर जाऊन बसले, आणि समितीतले सगळे पक्ष प्रथमच एकमतानं एका बाजूला सरकले.