मंगळवेढेकर सरांचा राहिलेला धडा

मानवी शरीरात फुफ्फुसं दोन आणि मूत्रपिंडंही दोनच, पण समाजात मान आहे तो फुफ्फुसांना. फुफ्फुसांचं काम माणसं चारचौघांत करतात, बागेत जाऊन, डोळे मिटून, रांगेत बसून करतात. मूत्रपिंडं बिचारी रात्रंदिवस रक्त गाळत असतात आणि बिघडल्याशिवाय कुणी त्यांची चौकशी करत नाही. या दोन संस्थांचा खरा सामना पाहायचा असेल तर सभेला जावं. वक्ता फुफ्फुसांवर चालतो, श्रोता मूत्राशयावर टिकतो. फुफ्फुसांत सहा लिटर हवा मावते आणि मूत्राशयात जेमतेम अर्धा लिटर, म्हणजे वक्ता श्रोत्यापेक्षा बारा पट समर्थ. (शिवाय फुफ्फुसं रिकामी होऊन पुन्हा भरतात. मूत्राशय सभेत फक्त भरतं.)

गंगाधर मंगळवेढेकर सरांना हे सगळं पाठ होतं. सोलापुरातल्या एका प्रशालेत (नाव सांगत नाही, सगळ्याच प्रशाला स्वतःवर ओढून घेतील) त्यांनी उभी हयात विज्ञान शिकवलं. श्वसनसंस्था शिकवावी तर मंगळवेढेकर सरांनीच. बाटलीत फुगे बांधून ते फुफ्फुसं फुगवून दाखवत, मुलांकडून छातीभर श्वासात पाढे म्हणवून घेत. त्यांचे विद्यार्थी पुढे कीर्तनकार झाले, अडते झाले, पुढारी तर पैशाला पासरी झाले. पुढचा धडा उत्सर्जनसंस्थेचा. तो आला की सर तक्त्यावरची मूत्रपिंडं दाखवत, त्याखालच्या भागावर हाताचा पंजा ठेवत आणि म्हणत, "हा धडा घरी वाचून या." घरी तो कुणीही वाचला नाही. वर्गात मुली असल्यामुळे सरांना संकोच वाटे. मुलींची अडचण निराळी होती, त्यांना जायला शाळेत जागाच नव्हती.

शिक्षणाचं फळ उशिरा का होईना मिळतंच. सरांचे लाडके विद्यार्थी आबासाहेब संस्थेचे अध्यक्ष झाले आणि शाळेचा कायापालट झाला. आधी व्यासपीठ झालं, मग त्याच्यापुढे सभागृह, मग गेटवर कमान. स्वच्छतागृह सगळ्यांत शेवटी, म्हणजे यंदा. सभागृहाला आबासाहेबांच्या आजोबांचं नाव होतं, प्रयोगशाळेला वडिलांचं, पाण्याच्या टाकीला चुलत्यांचं. स्वच्छतागृहासाठी घरातलं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा आबासाहेबांना गुरूचं ऋण आठवलं.

'गुरुवर्य गंगाधर मंगळवेढेकर स्वच्छतागृह संकुल' अशी पितळी पाटी तयार झाली. सर दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटीचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पाटी ती पाटी.

उद्घाटन एप्रिलमध्ये ठेवलं. सोलापूरच्या उन्हात माणूस प्यालेलं निम्मं पाणी घामावाटे गमावतो आणि मूत्रपिंडांना तेवढीच उसंत मिळते. पण पाहुण्यांना त्रास नको म्हणून व्यासपीठावर दोन मोठे कूलर लावले होते, त्यामुळे घामाचं खातं बंद होऊन सगळा भार एकाच खात्यावर आला. सरांना आल्या आल्या चहा दिला, मग शहाळं, मग उसाचा रस. सत्काराच्या वेळी नको म्हणणं बरं दिसत नाही. डोक्याला फेटा, खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन सर मधल्या खुर्चीत बसले. नारळ नेमका कुठे टेकत होता हे ज्यांनी तो धडा घरी वाचला असेल त्यांनाच कळेल.

प्रमुख पाहुणे आले नव्हते. ते येईपर्यंत आबासाहेबांनी प्रास्ताविक सुरू केलं. ते शाळेच्या स्थापनेपासून निघून तासाभरात स्थापनेच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचले. शिकवलेलं वाया गेलं नाही, श्वास एकदाही तुटला नाही, हे सरांनी गुरू म्हणून पाहिलं आणि त्यांच्या पोटात कळ आली.

आबासाहेब पाणी प्यायला थांबले तेव्हा सर हळूच म्हणाले, "आबा, मी जरा तिकडे जाऊन येऊ का?"

"काय इचारताय सर! तुमच्याच नावाचं हाय की ते. पन फीत कापल्याबिगर कसं जाणार? बरं दिसंल का?"

"मग ती जुनी मुतारी?"

"कालच पाडली की. नव्याची शोभा जात हुती."

"पाहुणे कुठवर आलेत?"

"टेंभुर्णी सोडली. धा मिनटांत हितं."

(तास-दीड तासाच्या वाटेवरची टेंभुर्णी ही या जिल्ह्याची मोठी सोय आहे. अजून अंघोळीला न गेलेला माणूसही फोनवर टेंभुर्णी सोडतो.)

समोर बायकांच्या रांगेत सरांच्या पत्नी प्रेमलाबाई बसल्या होत्या. घराबाहेर पडायचं तर सकाळपासून पाण्याला शिवायचं नाही, हा बायकांचा नियम त्यांनी जन्मभर पाळला होता. आज मात्र शाळेच्या श्रीदेवी मॅडमनी शहाळं हातातच दिलं. प्रेमलाबाई आता छताकडे पाहत होत्या. श्रीदेवी मॅडमही छताकडेच पाहत होत्या. सगळ्या सभागृहात पायावर पाय टाकलेले होते आणि आबासाहेबांना वाटत होतं, काय ही शिस्त!

शेवटी सरांचा धीर सुटला. आपण बहात्तर वर्षांचे, अंगावर शाल, समोर तीनशे माणसं आणि काही भलतंच झालं तर पितळी पाटीसकट जन्माचं हसं होईल, हे त्यांना समोर दिसू लागलं. फीत गेली खड्ड्यात म्हणून ते उठले.

"सर उठले!" आबासाहेब माईकवर ओरडले. "सरास्नी दोन शब्द बोलायचेत! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. माईक हातात आला. सरांना शाळेच्या आठवणी सांगायच्या होत्या, पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात, किंवा अन्यत्रही, दुसरा विषयच नव्हता.

"मुलांनो," सर म्हणाले, "जो धडा मी घरी वाचायला सांगायचो, तो आज घेतो. मूत्रपिंडं दोन, घेवड्याच्या बीसारखी. त्यांतून निघतात दोन मूत्रवाहिन्या. त्यांतून थेंब थेंब खाली उतरतो. आपण भाषण ऐकत असलो तरी उतरतो."

पहिल्या रांगेत चुळबुळ झाली. सरांनी इतकं तन्मय होऊन श्वसनसंस्थाही कधी शिकवली नव्हती.

"खाली मूत्राशय. ते भरत जातं, ताणत जातं. त्याला दोन झडपा. आतली आपल्या ताब्यात नाही. बाहेरची आहे, असा आपला समज आहे. आता नळ थोडासा सोडलेला आहे आणि बादली काठोकाठ भरत आली आहे, अशी कल्पना करा..."

कल्पना करावी लागली नाही. प्रेमलाबाई उठल्या आणि श्रीदेवी मॅडमना म्हणाल्या, "चला हो, हे आता प्रात्यक्षिक घेतील." त्यांच्यामागून बायकांची रांग उठली, मग पुरुषांची, आणि सगळ्यांना "बसा, बसा" म्हणत आबासाहेब एक प्रेमलाबाई सोडून सगळ्यांच्या पुढे धावले. फीत कापली गेली नाही, शर्यतीच्या शेवटी तुटते तशी ती प्रेमलाबाईंच्या अंगावर तुटली. सरांनी नारळ खुर्चीवर ठेवला आणि आपल्याच नावाच्या पाटीखालून शालीसकट आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते सेवानिवृत्तीच्या दिवशीही नव्हतं.

इतक्यात पाहुण्यांची गाडी आली. पाहुणे गाडीतून जवळजवळ उडी मारूनच उतरले. या खेपेला त्यांनी टेंभुर्णी खरोखरच सोडली होती आणि वाटेत कुठेही थांबले नव्हते.

"बाथरूम कुठाय हो?"

"हाय की सायेब, लई झकास बांधलंय," आबासाहेब निवांतपणे म्हणाले. एव्हाना फितीला गाठ मारून ती पुन्हा ताणली होती. "पन आधी फीत. आन् फितीआधी सत्कार. आन् सत्काराआधी माझं प्रास्ताविक थोडं ऱ्हायलंय."

पाहुण्यांच्या हातात शहाळं देण्यात आलं. आता सगळेच मोकळे होते, त्यामुळे श्रोत्यांनी उरलेलं प्रास्ताविक मोठ्या रसिकतेने ऐकलं. पहिली टाळी मंगळवेढेकर सरांची होती.

आता तुम्ही. आबासाहेबांना हसलात, सरांना हसलात, ठीक आहे. पण सरांनी नळ थोडासा सोडला तेव्हापासून तुम्हीही जरा आवळूनच बसला आहात, आणि एवढं संपवून मग जाऊ म्हणून इथवर आलात. तुमच्या दाराला तर कुणी फीतही बांधलेली नाही. उठा.