दादाचा माणूस डावीकडे जातो

माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूला हात लावायची परवानगी कोणाकडे मागायची? हे मी आईला विचारलं, तर ती गॅस बंद करायला उठून गेली (गॅस बंदच होता). बाबांना विचारलं, त्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांच्या आणखी जवळ नेलं. वहिनींना विचारायची हिंमत झाली नाही. दादा होता तेव्हा नियम सोपा होता: लावायचा नाही. लावला की पाठीत धपाटा. आता धपाटा घालायलाच कोणी उरलं नव्हतं, आणि खरं सांगतो, तेच सगळ्यात वाईट होतं. म्हणून एका रविवारी मी कोणालाही न विचारता ठरवून टाकलं, दादाचा गेम दुरुस्त करायचा.

गेम म्हणजे हातात धरून खेळायचं ते चपटं यंत्र. मधे पडदा, बाजूला बटणं, आणि डाव्या अंगठ्याखाली जॉयस्टिक. त्यात एक टोपीवाला बुटका माणूस आहे. तो लाकडं तोडतो, मासे धरतो आणि ते विकून घर बांधतो. दादाने हॉस्पिटलच्या पलंगावर पडल्यापडल्या त्याच्याकडून घर बांधून घेतलं. (आमच्या खऱ्या घरात त्याने कधी एक खिळा ठोकला नाही. तिथे मात्र दोन मजले चढवले.) वहिनींना म्हणायचा, आत्ता नको बघूस, रंग देऊन झाला की दाखवतो. रंग देऊन झाला का, ते कळायच्या आतच तो गेला.

शेवटचा खेळला तेव्हा त्याने त्या माणसाला धक्क्यावर उभं करून ठेवलं होतं, अगदी पाण्याच्या काठाला. आणि जॉयस्टिक बिघडलेली. हात न लावताही माणूस डावीकडे चालू लागायचा, आणि डावीकडे पाणी. दादाला युक्ती जमली होती, तो अंगठा सतत उजवीकडे दाबून धरायचा आणि त्यातूनच वाट काढायचा. आम्हाला कोणालाच जमेना. बाबांनी प्रयत्न केला, माणूस बुडाला, कुऱ्हाड वाहून गेली (प्रत्येक डुबकीला त्याच्या पिशवीतली एक वस्तू जाते). मी केला, मासे गेले. आईने तर आख्खं यंत्रच उजवीकडे तिरकं धरलं, परातीतलं पाणी सांडू नये म्हणून धरतात तसं. तरी गेलाच. मग ओलाचिंब होऊन परत त्याच काठावर उभा, आणि परत चालू.

वहिनी एकदाच बघायला आल्या. तो पाण्यात पडताना त्यांनी तोंड फिरवलं आणि आपल्या शिलाई मशीनवर जाऊन बसल्या. घरीच कपडे शिवतात त्या. मशीन सुरू करायच्या आधी एवढंच म्हणाल्या, "मला ते घर आतून बघायचं होतं."

आता तुम्हीच सांगा, हे ऐकून गप्प बसणारा माणूस कोणता? मी तर आठवीत शाळेतून उठलो तेव्हाही गप्प बसलो नव्हतो.

मोबाइल दुरुस्तीवाल्याने यंत्र उलटंपालटं करून सांगितलं, कंपनीत पाठवा, ते नवीन देतील, पण जुनं सगळं पुसलं जाईल. मी विचारलं, घर? तो म्हणाला, घरपण. मी म्हटलं, मग मला नुसती जॉयस्टिक द्या, मी बसवतो. आधी कधी बसवली आहे का, असं त्याने विचारलं. मी टायरच्या दुकानात काम करतो, ट्रकची चाकं रोज उतरवतो, हे मी अभिमानाने सांगितलं. त्याने पार्ट दिला, पण ऑपरेशन करून डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर मला वाटलं, उघडायचं कशाला? आमच्या दुकानात दोनच औषधं, तेल आणि हातोडा. हातोडा मोठा होता म्हणून तेल घेतलं. वहिनींच्या मशीनची तेलाची बुधली आणून जॉयस्टिकच्या फटीत दोन पिचकाऱ्या मारल्या. गुण लगेच आला. माणसाचं डावीकडे जाणं थांबलं. आता तो सगळीकडे जात होता. कानात भुंगा शिरल्यासारखा गोल गोल फिरला आणि या वेळी उजवीकडून पाण्यात पडला. पिशवीतला रंगाचा डबा वाहून गेला.

म्हणजे उघडणं आलंच. बारीक स्क्रू एकेक काढले. दुकानात आम्ही नट चाकाच्या उलट्या झाकणात ठेवतो, म्हणजे हरवत नाहीत. इथे झाकणासारखी दिसली ती टेबलावरची बशी. ठेवले तिच्यात. (बशी बाबांची होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आणखीही बरंच काही यायला हवं होतं.)

बाबांनी वर्तमानपत्रातून नजर न काढता बशीत चहा ओतला, एक भुरका मारला आणि आईला विचारलं, चहात आज काय घातलंय. आई म्हणाली, नेहमीचंच. बाबा म्हणाले, "मग दाताला कटकन लागलं ते काय? आणि ते गेलं कुठे?"

पुढचा अर्धा तास दुरुस्ती बाबांचीच चालली होती. वहिनींकडे सुया गोळा करायचं लोहचुंबक असतं. त्यांनी ते बशीतून फिरवून चहातले स्क्रू वर काढले, पुसले, बघितले आणि म्हणाल्या, एक कमी आहे. आईने चुंबक हिसकावून बाबांच्या पोटावरून फिरवायला सुरुवात केली. बाबा म्हणाले, मी काय सुयांची डबी आहे का. आई म्हणाली, हलू नका, खाली सरकतोय. शेवटी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले, केळी खा, पोटात दुखलं तर लगेच या, नाहीतर वाट बघा. बाबा केळी खात वाट बघत बसले.

इकडे मी आत हात घातला. जॉयस्टिकपासून कागदासारखी चपटी पट्टी निघते, तिच्या टोकाला इवलीशी काळी चिमटी असते. ती चिमटी आधी उचलायची असते. मी सरळ पट्टी ओढायला निघालो होतो. वहिनींनी माझं मनगट धरलं. "भाऊजी, ट्रक नाहीये हा." मग त्यांनी सुईच्या टोकाने चिमटी उचलली, पट्टी अलगद सुटली, मी नवी जॉयस्टिक बसवली. झाकण लावलं, होते तेवढे स्क्रू पिळले, बटण दाबलं.

पडदा काळा. परत दाबलं. काळाच.

आई पदराने हात पुसत राहिली, हात कोरडेच होते. मी म्हणालो, "वहिनी, घर गेलं. मी घालवलं." आणि लहान पोरासारखा रडायलाच लागलो. दादाला पोहोचवून आलो त्या दिवशी रडलो नव्हतो, ते सगळं तिथे निघालं, टायरमधून हवा निघते तसं, आवाजासकट.

वहिनींनी यंत्र उचललं. बाबांनी गिळलेला स्क्रू ज्या कोपऱ्याचा, तिथे फट राहिली होती. त्या फटीत त्यांनी डोळा घातला. "भाऊजी, बॅटरीची वायर लोंबतेय. काढल्यावर तुम्ही ती परत लावलीच नाहीत."

झाकण परत उघडून लावली. पडदा उजळला. माणूस धक्क्यावर उभा होता. आम्ही चौघांनी श्वास रोखून धरला. तो उभाच राहिला.

वहिनींनी त्याला हळूहळू पूल ओलांडून, झाडीतून घरापाशी नेलं. रंग अर्धाच दिला होता. (उरलेल्या रंगाचा डबा माझ्यामुळे पाण्यात होता.) आत वहिनींसाठी खिडकीपाशी शिलाई मशीन होतं, आईसाठी मोठं स्वयंपाकघर, बाबांसाठी आरामखुर्ची. वहिनी प्रत्येक खोलीत थांबत होत्या. मशीनपाशी खूप वेळ थांबल्या. मी दोन्ही मजले बघून झाल्यावर विचारलं, माझी खोली? कोणालाच सापडेना. मागच्या दारी गोठा होता. गोठ्यात एक गाढव होतं. गेममध्ये जनावरांची नावं आपणच ठेवायची असतात आणि ती डोक्यावर दिसतात. गाढवाच्या डोक्यावर लिहिलं होतं, धांदल्या.

धांदल्या मला एकच माणूस म्हणायचा. तो गेल्यापासून ती हाक कोणी मारली नव्हती.

आधी बाबा हसले, केळ्यासकट. मग आई. मग वहिनी इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले, आणि पुसतच राहिल्या. गेममध्ये अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. "याला झोपवा आता. मला नाही जमायचं."

मी दादाच्या माणसाला वर नेलं, पलंगावर आडवा केला. टोपी त्याने आपली आपणच काढली. एवढ्यात आई म्हणाली, "आणि त्या गाढवाला खायला कोण घालणार?"

मी त्याला परत उठवलं, खाली आणलं, गाढवाला गवत घातलं. गाढवाने गवताकडे बघितलंही नाही, माणसाच्या छातीला डोकं घासलं आणि त्याच्या मागेमागे थेट घराच्या दारापर्यंत आलं. आत घेता येतं का म्हणून मी सगळी बटणं दाबून बघितली. बाबा म्हणाले, राहू दे, घरात एक आहे तेच आम्हाला पुरे आहे. मग मी दादाला वर नेऊन परत झोपवलं आणि बंद करायचं बटण दाबलं. गाढव दारातच उभं होतं.