पळसुले मास्तरांचा ळ

पळसुले मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, तोंडात बघत. ठाण्याला त्यांच्या शेजारी मी बिऱ्हाड केलं तेव्हा रीतीप्रमाणे ओळख करून घ्यायला गेलो. नाव, गाव, नोकरी, सगळं सांगून झालं. त्यातलं मास्तरांनी काही ऐकलं असावं असं दिसेना. मान तिरकी करून ते माझ्या दातांच्या पलीकडे काहीतरी शोधत होते. मग म्हणाले, "जरा 'केळफूल' म्हणा पाहू." मी म्हटलं. "छान. जीभ टाळूला लागते. राहा तुम्ही इथं." वास्तविक जागा मालकानं मला आधीच दिली होती, तरी पास झाल्याचा आनंद मला झाला, हे कबूल केलं पाहिजे.

त्यांचं पूर्ण नाव गोपाळ बल्लाळ पळसुले. नावात, आडनावात, बापाच्या नावातसुद्धा ळ. आणि विद्याखात्याची अक्कल अशी, की एवढ्या पृथ्वीवर हा माणूस नेमायला त्यांना गाव सापडलं ते खाडीपलीकडलं, कळव्याच्या पुढं, मिठागरांना लागलेलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्यातही ळ आहे, आणि त्यावरून गावाचा आणि मास्तरांचा तंटा होता. सगळी वस्ती आगऱ्यांची. डोळ्याला डोला आणि काळ्याला काला म्हणणारी माणसं. मास्तरांनी तिथं पाऊल ठेवलं आणि ते 'पलसुला मास्तर' झाले. तेही त्यांनी एक वेळ सोसलं असतं. पण गाव शाळेला 'साला' म्हणे. "मास्तर, आज साला हाय कं?" असं कोणी सहज विचारलं, की मास्तर कपाळाला हात लावत आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करून ओरडत, "जीभ उचल!"

हे त्यांचं ब्रीदवाक्य. नमस्काराच्या जागी तेच, रागाच्या जागी तेच. ठाण्याला तळी पुष्कळ म्हणून मास्तरांनी बिऱ्हाड ठाण्याला केलं, असं माझं मत आहे. ते मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं. ते हसले नाहीत. "मासुंदा सोडला तर बाकीच्या तळ्यांकडे कोणी लक्ष देत नाही," एवढंच म्हणाले.

मी विद्याखात्याच्या डेप्युटींच्या कचेरीत कारकून. खाडीपलीकडच्या शाळा सुधारण्याची आमच्या खात्याला भारी तळमळ, आणि ती सगळी तळमळ माझ्याच हातून नक्कल होऊन बाहेर पडे. मास्तरांची शाळा भरत असे मिठाच्या एका जुन्या कोठारात. भिंतींत इतकं मीठ मुरलेलं, की पावसाळाभर त्या पाझरत आणि फळ्यावर खडू उमटत नसे. मास्तरांनी दुसरी जागा मागितली. खात्यानं पुष्कळ विचार केला आणि कापडावर चिकटवलेला विलायतेचा एक भला थोरला नकाशा पाठवला. मास्तरांनी छप्पर शाकारायला पेंढा मागितला. खात्यानं मुलांची नखं कशी कापावीत याचं सर्क्युलर पाठवलं. शेवटी मास्तरांनी तो नकाशा गळतीखाली ताणून बांधला आणि स्कॉटलंडच्या बाजूनं पाणी बाहेर काढून दिलं. खात्याच्या मदतीनं त्या शाळेची झालेली सुधारणा ती एवढीच.

बाकीची सुधारणा मास्तर एकट्यानं करत होते, आणि ती एका अक्षराची होती.

त्यांच्या वर्गात काळू नावाचा एक पोरगा होता. नाव घालायला आला तेव्हा मास्तरांनी विचारलं, "नाव काय?"

"कालू."

"कालू नव्हे. काळू. जीभ उचल."

"नाय मास्तर. माजी आईस कालू बोलते."

"तुझी आई चुकते."

दुसऱ्या दिवशी आईसच आली. मिठागरातून थेट, डोक्यावरची मिठाची पाटी तशीच. दारात उभी राहून म्हणाली, "मास्तर, पोर मी जनला. नाव मी ठेवला. मंग चुकले कशी?" व्याकरणात या मुद्द्यावर नियम नाही. मास्तर चाचरत म्हणाले, "बाई, नाव तुमचंच. फक्त जीभ तेवढी उचलली की..." तेव्हा ती म्हणाली, "तुमी जीब उचला. आमी पाटी उचलताव." आणि गेली. हे मला मास्तरांनी स्वतःच सांगितलं. सांगताना त्यांना राग आलेला होता की कौतुक वाटत होतं, ते मला ओळखता आलं नाही.

पुढं पोरं घरी जाऊन ळ घोकायला लागली. काळू माजघरात बसून घशातून तो आवाज काढत होता, तेव्हा त्याची आजी धावत आली. पोराचे गल्यान काटा अरकला, असं तिनं ठरवलं आणि कोरड्या भाताचे मुटके त्याच्या तोंडात कोंबायला सुरुवात केली. पोरगं "ळ" म्हणायला तोंड उघडी, की दुसरा मुटका आत. ळ न येता पोट तेवढं भरलं. त्या गावात सरकारी शिक्षणाचा लगोलग दिसलेला फायदा म्हणून हा मी रिपोर्टात घालणार होतो.

त्या वर्षी खात्यानं काटकसर करायचं मनावर घेतलं. ज्या शाळांचा निकाल धड नाही त्या उचलून मोठ्या गावी न्याव्यात, असा हुकूम निघाला. नक्कल मीच केली. मास्तरांची शाळा यादीत पहिली होती. ती हलली असती तर होडीत बसून दुसऱ्या गावी शिकायला एकही पोर गेलं नसतं, कारण मिठागर दाराशी होतं आणि तिथं नाव घालायला परीक्षा लागत नव्हती. हे मास्तरांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. हुकूम कळल्यावर ते दोन दिवस कोणाच्या तोंडात बघेनात. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी ळ दुप्पट केला.

मी ओटीवर बसून समजूत घालायला गेलो. म्हटलं, "मास्तर, हिशेब घ्या, भूगोल घ्या. त्या ळ चं काय एवढं घेऊन बसलात?"

"हिशेब त्यांना येतो हो," मास्तर म्हणाले. "पण तो सांगायला तोंड उघडलं की पुढचा माणूस हसतो. मग उत्तर बरोबर असून काय उपयोग?"

मी त्यावर काहीतरी विनोद केला. काय केला ते आता आठवत नाही.

परीक्षेला डेप्युटीसाहेब स्वतः आले. पुण्याचे गृहस्थ, जन्मात एक अक्षर वाकडं उच्चारलं नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावरही दिसे. बरोबर मी, एक पट्टेवाला आणि कमिटीचे दोन सभासद. सभासदांना शाळेपेक्षा खाडीचा वारा बरा वाटला होता, म्हणून ते दाराजवळ बसले. पोरं भिंतीशी रांगेत उभी होती. सगळ्यांची नखं कापलेली. निदान ते सर्क्युलर वाया गेलं नव्हतं.

वाचनाला काळू पुढं आला. धडा बगळ्याचा. "एका तळ्याकाठी एक बगळा होता," त्यानं वाचलं, आणि दोन्ही ळ असे खणखणीत आले, की मास्तरांचे डोळे भरून आले. मी बघितलं. पण पोर तिथं थांबलं नाही. वर्षभर ज्या जिभेला उचल उचल म्हणून सांगितलं, ती आता खाली यायला तयार नव्हती. "त्याळा फार भूक ळागळी," काळू मोठ्यानं वाचत होता. "तो मासोळीळा म्हणाळा..."

डेप्युटी हसले. आधी नाकातून, मग चांगले पोट धरून. साहेब हसले म्हणून सभासद हसले आणि सभासद हसले म्हणून पट्टेवालाही हसला, ज्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. "ळागळी!" डेप्युटी डोळे पुसत म्हणाले. "हे कुठल्या देशाचं मराठी म्हणायचं?"

काळूचं बोट ओळीवर होतं तिथंच राहिलं. भिंतीशी उभ्या पोरांनी पुस्तकं हळूच खाली केली. टोकाचा एक पोरगा दाराबाहेर मिठागराकडे बघायला लागला. मला तेव्हाच वाटलं, संपलं. यातलं एकही उद्या येत नाही.

पळसुले मास्तर पुढं झाले. काळूच्या हातातलं पुस्तक त्यांनी घेतलं, उपरणं सावरलं आणि खड्या आवाजात वाचू लागले. "मासोळी म्हणाळी, बगळेदादा, तुमची चोच केवढी ळांब! मळा भीती वाटते." एकही ल चुकूनसुद्धा धड उच्चारला नाही. सबंध पान वाचलं.

डेप्युटी हसायचे थांबले होते. "मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही असं वाचता?"

"होय साहेब. मुळं माझंच ऐकून शिकळी. चूक मुळांची नाही."

हा माणूस वीस पावलांवरून माणसाची जीभ तपासतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. मास्तरांनी माझ्या तोंडात बघितलं. मी ते मिटलं.

"आता पोरांना अर्थ विचारा साहेब," मास्तर म्हणाले. "हिशेब घाळा."

हसायचं ते आता मास्तरांना हसणार, हे पोरांच्या लगेच ध्यानात आलं असावं. त्यांच्या माना वर झाल्या. डेप्युटींनी हिशेब घातले. मिठागराच्या एका कोंडीत इतकं मीठ, तर अशा इतक्या कोंड्यांत किती? पोरांनी प्रश्न संपायच्या आत उत्तरं दिली. काळूनं तर साहेबांचीच एक चूक दाखवली; अर्थात 'साएब, चुकल्याव' असं स्वच्छ आगरीत, ज्यात ळ यायचा संभवच नव्हता. डेप्युटी गंभीर झाले. त्यांना माणसं ओळखायची सवय नव्हती, पण हिशेब ओळखता येत होता.

रिपोर्ट मी माझ्याच हातानं लिहिला. मुलांची समज व गणित समाधानकारक; शाळा आहे तेथेच ठेवावी. शिक्षक पळसुले यांचे उच्चार अत्यंत अशुद्ध. बढतीचा विचार तूर्त करू नये. खात्याची ही रीतच आहे. ज्या एका गोष्टीत आख्ख्या जिल्ह्यात त्या माणसाचा हात कोणी धरला नसता, नेमकी तीच हेरून तिच्यावर शिक्का मारला.

हा कागद पट्टेवाल्याच्या हाती पाठवायला माझं मन घेईना, म्हणून एका शनिवारी मीच खाडीपलीकडे गेलो. शाळा सुटत होती. मास्तरांनी कागद उभ्याउभ्या वाचला, पुन्हा वाचला. मी म्हटलं, "मास्तर, मी साहेबांना खरं सांगू का?"

"छे, छे. शाळा राहिली ना?" मग कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "'पळसुले' मधला ळ झकास काढलाय हो तुम्ही."

परत येताना आम्ही दोघं मास्तरांच्या रोजच्या तरीवाल्याच्या, जोमाच्या होडीत बसलो. मास्तर पाण्याकडे बघत होते. मग आपणहून बोलले. "मी खालच्या कोकणातला. नाकात बोलायचो. ट्रेनिंग कॉलेजात पहिल्या दिवशी उत्तर द्यायला उठलो आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर कित्येक दिवस मी तोंडच उघडलं नाही. परत घरी जायला पैसे नव्हते म्हणून मी टिकलो. ह्या पोरांचं घर काय, हाकेवर आहे."



तेवढ्यात जोमानं वल्हं मारता मारता विचारलं, "मास्तर, साला बेगीन सुटली कं आज?"

मी कान टवकारले. आता बोट वर होणार, आता आरोळी येणार. मास्तर नुसते म्हणाले, "सुटली रे." आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागले. मला फार वाईट वाटलं. रिपोर्टातल्या एका ओळीनं माणसाचा जन्माचा नाद सुटला, आणि ती ओळ माझ्या अक्षरात होती.

ठाण्याच्या काठाला मास्तर आधी उतरले आणि चालायला लागले. मी चिखलातून धोतर सावरत होतो. जोमा म्हणाला, "आज मास्तरला बरा नाय कं?"

"का रे?"

"रोज मी साला बोललू का उठतान माजेवर. जीब उचल जोमा, जीब उचल. ह्या काठाशी सुरू करतान ते त्या काठाला सोरतान. आज एक सबद नाय."

"सोडला असेल नाद," मी म्हटलं.

"सोरतील कशाला? काल पन बोल्ले. ते दिसा साएब व्हते होरीन, तवा पन असाच गप व्हते." जोमानं वल्हं आत ओढून घेतलं. "आज तुमी व्हतेव ना संगती."

मी चिखलात तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, रोज ओटीवर बसलो, आणि मला वाटत होतं मी मास्तरांच्या घरचा. जोमाला हसेल असा परका माणूस त्या होडीत एकच होता. दाराजवळ बसलेल्या त्या सभासदांच्या रांगेत त्यांनी मला धरलं होतं, आणि उगाच धरलं होतं असं म्हणायची माझी छाती होईना.

मी लगबगीनं जाऊन मास्तरांना गाठलं. ते म्हणाले, "काय म्हणत होता जोमा?"

"काही नाही," मी म्हटलं. "मास्तरांची साला चांगली चाललीय म्हणाला."

मास्तर थबकले. वळून त्यांनी मान तिरकी केली आणि कितीतरी वेळ माझ्या तोंडात बघत राहिले. मग त्यांचं बोट सावकाश वर झालं.

"जीभ उचला," ते म्हणाले.

मी उचलली.