कुणालाही न सापडणारी पेटी

आईच्या पायाला प्लास्टर बसलं आणि पलंगावरून उठायला बंदी झाली. सकाळी नर्सबाई येणार, पण त्यांना दार उघडणार कोण? मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी. शेवटी त्यानंच तोड काढली. दाराबाहेर आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी बसवायची आणि चावी तिच्यात ठेवायची.

मुलगा विमा कंपनीत चोऱ्यांचे दावे तपासायचा, त्यामुळे माणसांवरचा त्याचा विश्वास उडाला होता. दुकानदारानं कडीला अडकवायची पेटी दाखवली.

"ही पक्कडीनं तुटेल."

मग पत्र्याची दाखवली.

"ही हातोडीनं."

"साहेब, चावीच ठेवायचीय ना? का खजिना?"

"आत आई आहे," मुलगा म्हणाला.

दुकानदार आतून जाड पोलादी पेटी घेऊन आला.

मुलानं ती बोल्ट ठोकून भिंतीवर बसवली, तीही पाण्याच्या मीटरमागे, वेलीच्या आड. आकडे कुणाच्याही जन्मतारखेचे नव्हते. "कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही," असं आकडे सांगताना आईला आणि फोनवरून नर्सबाईंना बजावून तो गेला.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना पेटीच सापडेना. मुलाचा फोन बंद. पलंग खिडकीला लागूनच होता, आई आतून ओरडली, "मीटरमागे बघा!" कुंड्या सरकल्या, एक फुटली. आवाजानं समोरची शिवणकामवाली धावत आली, पाठोपाठ शेजारचे मास्तर. वेल ओरबाडल्यावर पेटी दिसली, तोवर घाबरलेल्या नर्सबाई आकडे विसरल्या होत्या.

"आजी, आकडे काय हो?"

"सात, शून्य, चार, नऊ!"

"काय म्हणाल्या?" मास्तरांनी विचारलं.

"सात, शून्य, चार, नऊ!" शिवणकामवाली त्यांच्या कानाशी ओरडली. गल्लीच्या टोकाच्या इस्त्रीवाल्यानंही मान वर केली.

रविवारी मुलगा आला तर दार सताड उघडं. शिवणकामवाली आईची वेणी घालत होती, मास्तर पेपर वाचून दाखवत होते आणि इस्त्रीवाल्याची बायको चहा गाळत होती. सगळे जाईपर्यंत मुलानं कसाबसा दम धरला.

"आई, ही माणसं आत आली कशी?"

"चावीनं."

"अगं, मी एवढी भक्कम पेटी शोधून..."

"छानच आहे रे. सगळे चावी आठवणीनं परत ठेवतात. परवा मला चक्कर आली, तेव्हा शिवणकामवालीच होती इथे. नर्सबाई जाऊन बराच वेळ झाला होता."

मुलानं आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. पण सवय कुठे जाते? बाहेर जाऊन त्यानं आकडे बदललेच. खिडकीतून आवाज आला, "काय ठेवलेस रे नवीन?"

समोरचं शिवणयंत्र थांबलं. मास्तर ओट्यावर येऊन उभे राहिले. मुलानं एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा खिडकीतल्या आईच्या नीटनेटक्या वेणीकडे. मग घसा साफ करून तो म्हणाला, "तीन, आठ, एक, सहा!"

"जरा मोठ्यानं," आई म्हणाली, "मास्तरांना कमी ऐकू येतं."