खाऱ्या वाऱ्याचा दोष

गजाकाका आमच्याकडे आले की आधी चांदीचा वास घ्यायचे, माणसांची विचारपूस नंतर. देव्हाऱ्यातलं निरांजन उचलायचं, नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "काळी पडाय लागली. दोष तुमचा नाय, खाऱ्या वाऱ्याचा."

आमची घरं भाट्याच्या समुद्राकाठच्या पुळणीला लागून, त्यामुळे चांदी काळी पडणारच. पण काकांना ते सोसत नसे. जन्म बोटीच्या इंजिनात गेलेला. निवृत्त झाल्यावर पुसायला इंजिन नाही, म्हणून त्यांनी आख्ख्या आळीची चांदी धरली. गणपतीआधी रिठे भिजवायचे, जुनं धोतर फाडायचं आणि घरोघर फुकट घासत बसायचं. एका मुंजीत त्यांनी बटूच्या आत्याचा हात धरून तिची निळ्या खड्यांची बांगडी हुंगली. मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. काकांना त्याचं काहीच नव्हतं. "सेंट लावू नका. फिरोजा हाय, मरतो," एवढं त्यांनी तिला बजावलं. फिरोजाला पाणी नको, साबण नको, तेल तर नकोच, हे त्यांचं स्तोत्र आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

ते कुठून आलं, ते आईने मला सांगितलं होतं. आखातातून काकांनी काकीसाठी आकाशी फिरोजा जडवलेला चांदीचा हार आणला. तिने तो कौतुकाने रोज घातला, आणि केसांचं खोबरेल मुरून वर्षा-दोन वर्षांत खडे हिरवे झाले. रजेवर आलेले काका पाहुण्यांदेखत तिला घालूनपाडून बोलले. तिने हार उतरवून डब्यात ठेवला, तो पुन्हा घातला नाही. काका बोटीवर गेले आणि काकी तापाने गेली. तार मिळून ते परत येईपर्यंत तेरावंही उरकलं होतं.

तो डबा त्यांच्या कपाटात असे. जगाची चांदी लखलखीत करणाऱ्या माणसाने तेवढा हार काळाकुट्ट ठेवला होता. विचारलं तर म्हणत, "तो ऱ्हाऊंदे." मला वाटे, म्हाताऱ्याला हात लावायचा धीर होत नाही.

दोन हजार साली काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोल्हापूरला गेले आणि चावी आमच्याकडे ठेवली. मला उपकार फेडायची हुक्की आली. त्यांच्याच पद्धतीने रिठ्याचं पाणी केलं आणि हार त्यात बुडवला. फिरोजा भिजवायचा नसतो हे मला ठाऊक होतं. पण हिरवेपणा म्हणजे मळ, तो निघाला की आकाशी रंग परत येईल, असं मी माझं ठरवून टाकलं. घासघास घासला. चांदी उजळली, खडे फिकट झाले, आणि मला ते निळसरसुद्धा वाटले. माझ्या शहाणपणाला तोड नव्हती. डबाही विसळून ठेवला.

काका काळा चष्मा लावून परतले. मी डबा पुढे केला. त्यांनी हार चाचपला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग रिकामा डबा उचलून तोही हुंगला.

"रिठा," ते म्हणाले. डबा खाली ठेवत पुढे म्हणाले, "तिच्या केसांचा वास होता रे त्याला. रोज सकाळी घ्यायचो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दोष तुझा नाय," ते म्हणाले.

पुढचे शब्द मला पाठ होते. मी त्यांची वाट पाहत उभा राहिलो. पण काकांनी खाऱ्या वाऱ्याचं नाव घेतलं नाही.