भिंतीचा ताप

खांबेटेकाका कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी भिंत तपासायचे. आई मुलाच्या कपाळावर ठेवते तसा पालथा हात पश्चिमेच्या भिंतीवर ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि निदान सांगायचं, "ताप आहे." आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोने निमूटपणे थर्मामीटर आणून दिला.

डोंबिवलीत आम्ही शेजारी, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मे महिन्यात आमच्या भिंतींवर पापड भाजले असते. काकू पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या. उजवी बाजू गेलेली.

"काका, कूलर घ्या एक," मी सुचवलं.

"कूलर हवा गार करतो रे. भिंतीचं काय?"

आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी ठाकुर्लीकडे झाडांनी भरलेला जमिनीचा तुकडा घेतला. पुढच्या उन्हाळ्याच्या आत काकूंना तिथे न्यायचं, हा एकच हट्ट.

नकाशा माझ्याकडे आला. मी नौपाड्यात एका कंत्राटदाराकडे ड्राफ्ट्समन होतो आणि स्वतःला आर्किटेक्ट समजत होतो. तिथल्या झाडांवर पालिकेने नंबर घातलेले, परवानगीशिवाय एकही तोडायचं नाही. मी सगळी झाडं चार आण्याच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवून काढली. एकसारखी, देखणी! जागेवर चुन्याने आखणी केली, तेव्हा पश्चिमेची भिंत फणसाच्या बुंध्यातून आरपार निघाली.

काकांनी फणसाच्या बुंध्याला हात लावून बघितला.

"हा थोडा बारीक होईल का, विचारतोस त्याला?"

"तोडायच्या परवानगीचा अर्ज करू ना. माझी ओळख आहे पालिकेत."

"अरे, याचीच सावली त्या भिंतीवर पडणार. डॉक्टरलाच हाकलतोस?"

शेवटी भिंतच फणसाला वळसा घालून गेली. "असली वाकडी भिंत माझ्या नावावर नको," म्हणून गवंडी निघून गेला, तेव्हा काका स्वतः थापी घेऊन बसले. विटा उभ्या लावायच्या, दोन थरांत पोकळी ठेवायची; बाहेरची वीट तापली तरी आतली तापत नाही. वर कौलं, आणि गरम हवा निघून जायला छपरालगत झरोके. दर रविवारी विटा उचलून द्यायचं काम नकाशाकाराला, शिक्षा म्हणून. माझी कंबर तेव्हापासून जे बोलतेय ते अजून थांबलेलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर काकू त्या घरात गेल्या. मे महिन्यात एका दुपारी मी भेटायला गेलो. पंखा नव्हताच. एवढी ऐसपैस खोली, आणि खाट नेमकी पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलेली.

माझ्यातला आर्किटेक्ट जागा झाला. "काका, खाट मधे घ्या. वारा लागेल."

"डावा हात मोकळा हवा तिला, पाणी घ्यायला. मग उजवा भिंतीकडेच येणार." काकांनी काकूंची उशी सारखी केली. "डोंबिवलीतही अशीच झोपायची. एकदा बाजारातून आलो, तर उजवा हात दुपारभर त्या तापलेल्या भिंतीला टेकलेला. लालभडक झाला होता. तिला पत्ताच नाही."

बाहेर फणसाची सावली भिंतीवर हलत होती.

काकांनी नेहमीसारखा पालथा हात भिंतीवर ठेवला, डोळे मिटले. मग काकूंचा उजवा हात उचलून हलकेच त्याच जागी टेकवला.

"गार आहे?" काकूंनी अडखळत विचारलं.

"गार आहे," काका म्हणाले.