कोड कुणालाही सांगायचा नाही!

आमच्या घरातल्या एका तरी माणसाला इंटरनेटवर फसवून दाखवा! अलेक्झांड्रियातल्या एका वाचनालयात दर मंगळवारी मी म्हाताऱ्या मंडळींना कॉम्प्युटर शिकवते, आणि पहिला वर्ग मी घरीच घेतला होता. विद्यार्थी दोन: बाबा आणि दमनहूरची नझीरा आत्या. पासवर्ड कुणाला द्यायचा नाही. मोबाइलवर आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही. मागणाऱ्याचा आवाज ओळखीचा वाटला तरी नाही, कारण हल्ली आवाजही चोरता येतो! आत्यानं सगळे नियम कागदावर उतरवून आपल्या घरच्या फ्रिजवर चिकटवले.

मग बाबा गेले.

ट्राम चालवणं सुटल्यापासून ते रोज लॅपटॉपसमोर बसून आपल्या आठवणी बोलून ठेवत. "ऐक ना, इन्साफ," म्हणायचे. मी म्हणायची, नंतर ऐकीन. चाळिसावा, म्हणजे मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी, एका दिवसावर आला तेव्हा वाटलं, उद्या सगळ्यांना त्यांचा आवाज ऐकवू. लॅपटॉप उघडला. त्यांच्या खात्याचा पासवर्ड? तो त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. माझाच विद्यार्थी!

हरकत नाही. 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. बाबांनी नंबर दिला होता आत्याचा, त्यामुळे कोड तिच्याकडे गेला. पाच मिनिटांचं काम!

"आत्या, सहा आकडे आलेत ना? सांग पटकन."

"कोण बोलतंय?"

"अगं, इन्साफ!"

"आवाज तर हुबेहूब काढलायस, मेल्या!"

"आत्या, मीच आहे!"

"चोर दुसरं काय म्हणणार? फ्रिजवर लिहिलंय. तिसरा नियम."

"तो नियम मीच सांगितला होता!"

"तो आमच्या इन्साफनं सांगितला. तू कोण? खरी असशील तर माझ्या आईचं नाव सांग."

आजीचं नाव! आमच्याकडे पुरुष आईचं नाव चारचौघांत घेत नाहीत. बाबांनी तर ते घरातही घेतलं नाही. बाबांचं नाव शुक्री, म्हणून आजी जन्मभर 'शुक्रीची आई'. वाचनालयातली निम्मी पुस्तकं वाचलेली मी, आणि सख्ख्या आजीचं नाव मला ठाऊक नव्हतं.

"शुक्रीची आई," मी चाचरत म्हटलं.

"हे तर गल्लीतल्या मांजरांनाही माहीत होतं!" फोन बंद.

दोन मिनिटांत कुटुंबाच्या ग्रुपवर आत्याचा संदेश: 'सावधान! आमच्या इन्साफच्या आवाजात एक भामटा फोन करतोय!' मी घाईघाईनं लिहिलं, 'ती मीच आहे!' झालं! भामट्यानं कबुली दिली म्हणून मला ग्रुपमधून हाकललं. तीन चुलतभावांनी ब्लॉक केलं. चौथा, धाकटा, तेवढा म्हणाला, "लाज नाही वाटत? दुःखातल्या घरात चोरी?" आणि मग त्यानंही केलं.

पण मीही शुक्रीची मुलगी! लॅपटॉप काखोटीला मारून दुपारच्या गाडीनं दमनहूर गाठलं. आत्यानं साखळी न काढता दार उघडलं.

"चेहराही चोरता येतो म्हणे हल्ली."

"व्हिडिओत, आत्या! दारात नाही!"

तिनं फटीतून हात बाहेर काढला आणि माझ्या हनुवटीवरचा व्रण चाचपला. "हा कुठला?"

"बाबांच्या ट्रामच्या पायरीवरून पडले होते."

साखळी निघाली.

दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी पुढं आली. मी पुन्हा कोड मागवला. "सांग आता."

"छे! नियम म्हणजे नियम. शुक्रीनं मरेपर्यंत पाळला, मी कशी मोडू?"

शेवटी लॅपटॉप स्वतःकडे ओढून, तळहाताचा आडोसा करून, चष्मा वरखाली करत तिनंच आकडे टाकले. दोन कोड शिळे झाले. तिसरा लागला. नवा पासवर्ड मी टाकत होते, तेव्हा ती न सांगता भिंतीकडे तोंड करून बसली.

पहिलंच ध्वनिमुद्रण लावलं. बाबांनी घसा खाकरला.

"आज माझ्या आईबद्दल सांगतो. तिचं नाव..."

आत्या धावत गेली आणि तिनं आधी खिडकी लावली!

दुसऱ्या दिवशी तेवढं एक सोडून बाकी सगळं आम्ही मंडळींना ऐकवलं. चुलतभाऊ रडले. तरी ग्रुपमध्ये मला अजून कुणी परत घेतलेलं नाही. 'खात्री होईपर्यंत थांबू,' असं आत्याचंच मत पडलं.

आणि आजीचं नाव? ते मी सांगणार नाही. तुम्ही कोण, हे मला काय माहीत!